तीन मशिनींचं एकमत

— नाही नाही, बसा, बसा काका, उठू नका. मी म्हटलं का तुमाले उठा म्हणून? मी फक्त इतकंच म्हटलं का हर्षितची चौकशी कराले तुमी नेमक्या माणसाकडे आले. त्यात वाईट वाटून घ्यायसारखं काही नाही. पारशिवनीहून इतक्या उन्हात आले, पोरीचा बाप म्हणून आले, अन् पोट्ट्यानं ज्याच्यासोबत धंदा केला त्यालेच विचारावं, ही तं रीतच आहे आपल्याकडची. माझ्या चुलतबहिणीच्या वेळेस मी अन् काकाजी असेच फिरलो गावोगाव — शेजाऱ्याले विचार, मास्तरले विचार, पानठेलेवाल्याले विचार. अन् सगळे काय सांगतात? पोरगा हिरा आहे. सगळ्यांचा पोरगा हिराच असते. काहून? कारण जमत आलेलं लग्न मोडल्याचं पाप कोणाले आपल्या डोक्यावर घ्यायचं नसते. मी घेतो. माझं डोकं मोकळं आहे, ठेवा त्याच्यावर.

चहा घ्या. साखर कमी झाली असंन तं सांगा, मी एकटाच राहतो, माझ्या अंदाजानं टाकतो. तं — दारू? नाही, दारू नाही पीत तो. बाईचं लफडं? काहीच नाही, तिकडून बेफिकीर राहा. घराणं चांगलं, आई तं देवमाणूस आहे बिचारी, माझ्या हातावर साखर ठेवल्याशिवाय मले कधी जाऊ नाही दिलं तिनं. आमची तिघांची कंपनी होती — हर्षित, मी, अन् मयुरा. मयुरा म्हणजे माझी लहान बहीण, सख्खी. तिघं एकाच कॉलेजचे, ते दोघं एका वर्गात, मी दोन वर्षं पुढं. सर्व्हर बनवायचो आमी, कधीच बंद पडू नये असे सर्व्हर. आता मी नाही त्यात. मले काढलं. काहून काढलं तेच सांगून राहिलो. तुमी विचारलं ना, पोरात खोट काय? खोट ही, का तो नक्कल करते. हसू नका काका. तुमाले वाटते, हात्तिच्या, शाळेतलं पोट्टंही नक्कल करते, त्यात काय एवढं. ऐकून घ्या आधी, मंग हसा.

तुमच्या विहिरीवर मोटार आहे? एक का दोन? दोन. शाबास. काहून बसवल्या दोन? का एक जळली तं दुसरी चालंन, पऱ्हाटी सुकू नये. बरं, अन् दोन्हीची लाइन कुठून घेतली? एकाच डीपीवरून. आता सांगा, डीपीच जळाली तं? दोन्ही मोटारी ठणठणीत अन् पाण्याचा थेंब नाही. मंग दुसऱ्या मोटारीचा उपयोग काय झाला? बस, आमचा सारा धंदा एवढाच आहे, का कोणतीच गोष्ट एकटी ठेवायची नाही, अन् दोन ठेवल्या तं त्या दोघींच्या मागं एकच डीपी ठेवायची नाही. सर्व्हरले वीज दोन ठिकाणाहून, मागं बॅटरी. डिस्क जोडीनं — एकीवर लिहिलं तेच त्याच घडीले दुसरीवर. आतली एखादी पाटी बिघडली तं चालू असतानाच ओढून काढायची अन् नवी खुपसायची, चालत्या बंडीचं चाक बदलल्यासारखं, वर काम करणाऱ्याले पत्ताही नाही लागत. हे सगळं लोखंड बाजारात मिळते. कोणी बी आणते. खरी गोष्ट त्याच्या पुढं आहे.

आमाले काम भेटलं दवाखान्याचं. मोठा दवाखाना, ट्रस्टचा. खाली तळमजल्यावर ऑक्सिजनची टाकी, तिथून नळ्या भिंतीतून वर वार्डात. नळीतला दाब मोजायले एक यंत्र असते, ते तारेवरून आकडा पाठवत राहते, अन् आमचा सर्व्हर तो आकडा पाहते — कमी झाला तं दुसरी टाकी उघड, घंटी वाजव, नर्सच्या स्क्रीनवर लाल दाखव. आता असा सर्व्हर बंद पडून चालते? किंवा बंद नाही पडला, पण खोटं बोलाले लागला, मंग? बंद पडलेलं तरी दिसते हो, खोटं बोलणारं दिसत नाही. म्हणून तीन मशिनी. तिघींले एकच प्रश्न, एकाच वेळेस — सांगा, दाब बरोबर आहे का नाही? दोन असल्या अन् एक हो म्हणे, एक नाही म्हणे, तं कोणाचं खरं मानाल? म्हणून तिसरी. दोघी म्हणतीन ते खरं, अन् जी एकटी पडली तिले बाहेर काढायचं, तिचं ऐकायचंच नाही. पंचायतीसारखं. अन् तो मतं मोजणारा पंच बी एकटा नाही, तो बी तीन. सगळं तीन-तीन.

पण लोखंड तीन घेऊन काय करता, डोकं जर एकच असलं? तिन्ही मशिनीत एकच प्रोग्राम टाकला, अन् त्या प्रोग्राममंदी चूक असली, तं तिघी मिळून एकच चूक करतीन, एका सुरात. ती झाली डीपी. समजलं? हां. हे मी सांगितलं होतं, मी, पहिल्याच दिवशी. म्हटलं, प्रोग्राम तीन जण लिहू, तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून. एकानं दुसऱ्याले विचारायचं नाही, दाखवायचं नाही. मयुरा अन् मी एका घरात राहायचो, ताटाले ताट लावून जेवायचो, पण कामाचा शब्द नाही काढला कधी. ती विचारायले गेली तं मी म्हणो, मयुरा, खिचडी वाढ वं, बाकीचं नको बोलू. इतकं सोवळं पाळलं मी. हर्षित हसायचा, म्हणे सौरव, तू तं बोर्डाची परीक्षा घेऊन राहिला. मी म्हटलं, परीक्षाच समज गा.

तार? तार एकच होती, हो. चांगलं विचारलं तुमी. मी म्हटलं होतं तीन तारा, तीन यंत्रं. ट्रस्टवाले म्हणे भिंत पुन्हा फोडावी लागंन, नुकताच रंग दिला आहे, एकीवर भागवा. भागवलं. हर्षितनंच हो म्हटलं. माणूस रंगाची काळजी करते काका, पाहा तुमी. म्हणून मी माझ्या प्रोग्राममंदी लिहिलं, का तारेवरून आकडाच आला नाही तं काहीतरी बिघडलं आहे असं समज अन् बोंब मार. साधी गोष्ट. घरातून रोज फोन करणारा माणूस एक दिवस करत नाही, तं आपण काय समजतो? कालपर्यंत बरा होता म्हणजे आज बी बरा असंन, असं समजतो का?

मंग आला दसरा. ट्रस्टींले तेव्हाच दाखवायचं ठरलं, मुहूर्त म्हणून. आमच्याकडे कसं आहे, लेथ असो का ट्रॅक्टर, दसऱ्याले त्याले हार पडलाच पाहिजे, तं सर्व्हरनं काय पाप केलं? हर्षितची आई आली, झेंडूचे हे एवढाले हार घेऊन, आपट्याची पानं, नारळ. अलमारीएवढा सर्व्हर, त्याच्यावर हळदकुंकू लावलं, हार घातले पुढून, मागून, जिथं जागा दिसंन तिथं. मी म्हटलं, काकू, मागं तारा आहेत. हर्षित म्हणे राहू दे ना बे, आईचं मन आहे. बरं. ट्रस्टी आले, चार-पाच मोठे लोकं, डॉक्टर आले, पेढे आले. सर्व्हर चालू केला. दोन मशिनींचा हिरवा दिवा लागला, सगळं आलबेल. अन् तिसरी, माझी, बोंबलाले लागली. लाल दिवा, भोंगा. पंचानं मोजलं — दोन म्हणतात ठीक आहे, एक म्हणते नाही. माझ्या मशिनीले काढलं बाहेर. जसं व्हायले पाहिजे तसंच झालं, मीच तसं बनवलं होतं.

मी म्हटलं, थांबा, तार पाहा, तार निघाली असंन. कोण ऐकते? ट्रस्टी म्हणे, पाहा, सिस्टीम किती हुशार आहे, खराब मशीन आपल्या आपण काढून टाकली. टाळ्या वाजल्या. काका, माझी मशीन फेकली अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा म्हटलं, मागं जाऊन एकदा हात लावून पाहू द्या, तं हर्षित माझा दंड धरून बाजूले घेऊन गेला अन् म्हणे, सणासुदीचं अशुभ नको बोलू, सगळ्यांसमोर आपली शोभा होऊन राहिली, अन् हार संध्याकाळच्या आत हलवायचा नाही, आई म्हणते. हार हलवायचा नाही. म्हणून तार पाहायची नाही. मी मयुराकडे पाहिलं. ती पेढे वाटून राहिली होती, तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बसलो तिघं. हर्षित म्हणे, सौरव, तुझ्या प्रोग्राममुळं काल नाक कापलं जात होतं, तू प्रत्येक गोष्टीत वाईटच पाहते, असं ट्रस्टवाल्यांसोबत जमणार नाही, तू आपलं वेगळं काही कर. मी मयुराले विचारलं, तुझं काय म्हणणं आहे वं? मान खाली घातली तिनं अन् म्हणे, दादा, हर्षित म्हणते ते बरोबर आहे. झालं. दोन विरुद्ध एक. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना? इथं दोनमुखी होता. नाव मी ठेवलं होतं कंपनीचं. हा असा सर्व्हर बनवायचं डोक्यात माझ्या आलं होतं. अन् माझ्या सख्ख्या बहिणीनं मान डोलवली अन् मी रस्त्यावर. तेव्हापासून या खोलीत आहे, लोकांचे कॅमेरे बसवतो, बॅटऱ्या बदलतो. धरमपेठेत राहतो म्हटलं का लोकांले वाटते मोठा साहेब असंन, अन् साहेब दुकानाच्या शिडीवर चढून वायर छिलून राहिला आहे.

मले राग आहे. आहेच. तुमी इतक्या दुरून आले, तुमच्याशी काहून खोटं बोलू? रोज उठतो तेव्हा तो आधी उठलेला असते. पण रागात आहो म्हणून खोटं सांगून राहिलो असं नका समजू. माझं सामान आणायले दवाखान्यात सर्व्हरच्या खोलीत गेलो होतो मी, दोघं जेवायले गेले होते. हार सुकले होते, कोणी काढले नव्हते. मी मागं गेलो. अन् तार लोंबत होती. हाराचा दोरा त्या तारेत अडकला होता, त्यानंच ओढली गेली होती. माझी मशीन खरं बोलून राहिली होती, काका. त्या खोलीत तेवढी एकटीच खरं बोलून राहिली होती.

मंग मी घरी आलो अन् विचार केला. तार निघाली, आकडा आला नाही, तरी त्या दोघी मशिनी ठीक आहे काहून म्हणे? म्हणजे त्यांच्यात लिहिलं असंन का नवीन आकडा नाही आला तं जुनाच धरून ठेव. आदल्या दिवशी तपासताना आलेला शेवटचा आकडा चांगला होता, चांगलाच दाखव. ठीक आहे, एका माणसाच्या हातून होते अशी चूक. पण दोघांच्या हातून, तीच, तशीच? तुमी मास्तरले विचारा — दोन पोट्ट्यांचं उत्तर बरोबर आलं तं मास्तर काही म्हणत नाही. दोघांचं चुकलं, अन् सारखंच चुकलं, तं कान धरते. मयुराले धरलं मी, त्याच दिवशी, घर सोडायच्या आधी, सैपाकघरात. रडली. म्हणे, दादा, त्याचे बाबा तेव्हा दवाखान्यात भरती होते, रोज तिथं बसून राहायचा, त्याचं लिहून होत नव्हतं, माझंच दिलं मी त्याले, त्यानं नावं-गावं बदलली अन् टाकलं. म्हणजे तीन डोकी नव्हतीच. दोनच होती. एकाची दोन मतं झाली अन् त्यांनी मिळून मले बाहेर काढलं. हे तिले माहीत होतं, मान डोलवताना माहीत होतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, काय बोलता? भाऊबीजेले आली होती ओवाळायले. मी दार नाही उघडलं. जिन्यात बसली होती बराच वेळ, मले ऐकू येत होतं.

नाही, तारेचं नाही सांगितलं तिले. हर्षितलेही नाही. काहून सांगू? मी ओरडून ओरडून म्हटलं होतं तार पाहा, तेव्हा कोणी पाहिली? कोणीतरी नंतर हार काढले असतीन, तार दिसली असंन, खोचली असंन परत, कोणाच्या डोक्यात बी आलं नसंन. अन् पुढची मजा ऐका. माझ्या जागी त्यांनी काय टाकलं तिसऱ्या मशिनीत? तेच. मयुराचंच, नवं लिहायले तिसरं डोकं होतंच कुठं? आता तिघी एका माळेचे मणी. परवा तो ट्रस्टी मले सीताबर्डीवर भेटला, म्हणे तुमी गेल्यापासून तुमच्या मित्राची सिस्टीम एकदम मस्त चालून राहिली, तिन्ही मशिनींचं एकदा बी भांडण नाही झालं. भांडण कसं होईन? तिघी एकच आहेत. मले इतकं हसू आलं का मी त्याले उसाचा रस पाजला.

कारण तार पुन्हा निघंन ना, काका. आज नाही तं उद्या. उंदीर आहेत, सफाईवाला आहे, पुढचा दसरा आहे. तार निघणार, अन् तिघी मिळून म्हणतीन सगळं चांगलं आहे, अन् नळीत दाब कमी होत जाईन, अन् स्क्रीनवर तोच आकडा, हिरवा. मंग चौकशी बसंन. मोठे लोकं येतीन तपासायले, उघडून पाहतीन, अन् दिसंन त्यांले तीन ठिकाणी एकच नक्कल. तेव्हा हर्षितचं तोंड पाहायचं आहे मले. मयुरा बी जाईन त्यात. जाऊ दे. मी काही करायचं नाही, हात बी लावायचा नाही, मी इथं बसून फक्त वाट पाहायची. पेपर उघडतो सकाळी, पहिले तेच पाहतो. अशा माणसाले पोरगी देता तुमी? तुमच्या पोरीच्या अंगाची हळद वाळायच्या आत तो तुरुंगात दिसंन. म्हणून म्हणतो, मोडा. माझं नाव सांगून मोडा, मले चालते.

चहा थंडा झाला तुमचा. दुसरा करू? — हो, चालू आहे अजून. म्हटलं ना, मस्त चालून राहिली म्हणे. — नाही, तसं नाही काका, खाली टाकीजवळ भिंतीवर काट्याचं मीटर आहे, ते तारेवर नाही चालत, ते खरं दाखवते. पाहणारा असला तं दिसते. पाहणारा माणूस होता पहिले, फेऱ्या मारायचा, सर्व्हर आल्यावर त्याले पार्किंगवर लावला म्हणे. — त्याले मी नाही लावला. मले काय विचारता? ज्यानं नक्कल केली त्याले विचारा. ज्यांनी रंग वाचवला त्यांले विचारा. — पेशंट असतीनच ना, दवाखाना आहे तो. असं काय विचारता? मी काही — माझं म्हणणं, ते तं त्यांच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. मघापासून तुमी हर्षितचं सोडून ऑक्सिजनचंच विचारून राहिले. कोणता दवाखाना म्हणजे? धंतोलीतला, ट्रस्टचा, चौकाच्या पुढं, ज्याच्या खाली मेडिकलचं मोठं दुकान आहे. तुमाले काय करायचं दवाखान्याचं नाव घेऊन?

काय झालं? काका? पाणी देऊ?

कोणाले लावून राहिले फोन? हर्षितले? ठेवा. ठेवा तो, त्याले सांगितलं तं तो रातोरात दुरुस्त करंन अन् साव होऊन फिरंन, मंग माझं काय — मिनल? कोण मिनल? बरं, तुमची पोरगी. तिचा काय संबंध — तिथं? त्याच दवाखान्यात? नर्स आहे. आयसीयूत. म्हणजे ती अन् हर्षित तिथंच — तो सर्व्हर पाहायले जात असंन, अन् — हो. हो, बरोबर. मले वाटलं नातेवाइकांनी आणलेलं स्थळ आहे. मी विचारलंच नाही. मी तुमाले एक गोष्ट नाही विचारली आल्यापासून.

आज ड्युटीवर आहे ती? आत्ता?

द्या तो फोन. द्या म्हणतो ना, तुमाले सांगता नाही येणार ते, द्या इकडे. — हॅलो. तुमचे बाबा माझ्याजवळ बसले आहेत, बरे आहेत, घाबरू नका. माझं नाव सोडा. ऐका, तुमच्या टेबलावरच्या स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा दिसते ना? तो चांगलाच असंन, तो नका सांगू मले. तळमजल्यावर टाकीच्या खोलीत जा, नाही जमत तं कोणाले पाठवा, भिंतीवर काट्याचं गोल मीटर आहे, काटा कुठं आहे ते पाहून या म्हणा. आत्ताच्या आत्ता. राउंड राहू द्या, डॉक्टरले म्हणा थांबा. मी फोन चालू ठेवतो. — गेला कोणी? बरं. — काका, तो कूलर बंद करा, ऐकू येत नाही. बसा ना. उभे काहून राहिले, बसा.

— हां, बोला. किती? अन् स्क्रीनवर? तोच. दोन्हीकडे तोच. नक्की पाहिलं ना त्यानं? बरं. बरं. मंग आज तार जागेवर आहे. आजच्यापुरतं ठीक आहे, असं समजा. आता नीट ऐकून घ्या, बाई. खरा आकडा कधी एका जागी बसत नाही, थोडा खाली होते, थोडा वर होते, पाहत राहिलं तं दिसते. तुमच्या स्क्रीनवरचा आकडा हलायचा थांबला, एकदम गप बसला, तं हिरवा असला तरी तो मेलेला आहे, तेव्हा स्क्रीन सोडून खाली धावा. हे सगळ्या सिस्टरांले सांगा, रात्रपाळीवाल्यांलेही. अन् पार्किंगवर जो फेऱ्या मारणारा होता, त्याले परत खाली बसवा, माझ्यासाठी नाही म्हणत, बसवाच. — काय? हर्षित तिथंच आहे? नाही. नाही, त्याले नका देऊ फोन. मले नाही बोलायचं त्याच्याशी. तुमी सांगा. म्हणा, आकडा नाही आला तं जुना धरून ठेवू नको, बोंब मार. एवढंच म्हणा. समजंन तो. नाही समजला तं मयुराले विचार म्हणा, तिनं लिहिलेलं आहे ते, तिच्या लक्षात येईन. कोणं सांगितलं विचारलं तं — विचारणार नाही तो. ठेवतो.

घ्या फोन तुमचा.

काय पाहून राहिले? मी माफ नाही केलं त्याले, हे नीट लक्षात ठेवा. तिलेही नाही केलं. तो आज रात्रीच बसंन दुरुस्त कराले, मयुरा बसंन त्याच्यासोबत, सकाळपर्यंत होऊन जाईन, काही अवघड नाही ते, अन् मंग कोणाले काही कळणार नाही कधी, त्याचं तोंड तसंच गोरंगोमटं राहीन, अन् तुमच्या मांडवात तो हार घालून उभा राहीन. माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती, काका. सगळं नेलं त्यांनी, तेवढी एक मी जपून ठेवली होती, अन् तुमी आले अन् ती बी घेऊन चालले.

नाही, पाया-बिया नका पडू, मोठे आहा तुमी. तो चहा राहू द्या. चौकशी झाली ना तुमची? मंग निघा, पारशिवनीची गाडी चुकंन. अन् लग्नाची पत्रिका मले पाठवू नका, आली तं फाडून टाकीन, आधीच सांगतो. जा. जा आता, दार लोटून घ्या.